व्यवसायाचा ईमेल सर्व्हर: खातं जोडणं आणि सुरक्षित ठेवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या लहान-मध्यम व्यवसायांचे मेल सर्व्हर सांभाळताना फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. डाळमिल असो, जिनिंग असो, चटईचा कारखाना असो की केळीचा व्यापार, प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. उत्तरं मुख्यतः डव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारं) आणि पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं) या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सर्व्हरला धरून आहेत. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे मेल असल्यास जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे. सर्व्हरची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. भरताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरा.

एक ठाम मत बहुतेक उत्तरांत दिसेल. सर्व्हर कितीही भक्कम असला तरी मेल फुटतो तो बहुधा कुणाच्या तरी मोबाईलमधून, नाहीतर सगळ्यांना ठाऊक असलेल्या पासवर्डमधून. म्हणून प्रत्येक माणसाचं खातं वेगळं हवं आणि प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा हवा.

१. नवीन संगणकावर किंवा मोबाईलवर खातं जोडताना नेमकं काय भरायचं?

युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता भरा, फक्त '@'च्या आधीचा भाग नाही. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप निवडा (प्रश्न २), सर्व्हरचं नाव मेल.तुमचीकंपनी.कॉम, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस (जोडणी कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता न येणारी करायची पद्धत). जाणाऱ्या मेलसाठी तेच नाव, पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस. ४६५ चाललं नाही तर ५८७ आणि स्टार्टटीएलएस (प्रश्न ३). पाठवणाऱ्या सर्व्हरलाही लॉगिन लागतं, अशी एक खूण असते, ती करायची विसरू नका. नाव आणि पासवर्ड येणाऱ्या मेलचेच.

ॲपने सगळं आपोआप शोधलं तरी शेवटी सेटिंग उघडून सुरक्षेचा रकाना बघा. सर्व्हरवर ऑटोडिस्कव्हर किंवा ऑटोकॉन्फिग (ॲपला बरोबर सेटिंग सांगणारी सोय) नीट लावलेलं नसेल, तर काही ॲप अंदाज बांधतात आणि १४३ पोर्टवर विनासुरक्षा खातं जोडून मोकळी होतात. मेल येतो-जातो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पासवर्ड मात्र उघडा फिरत राहतो.

२. आयमॅप घ्यावं की पॉप? आमचे मुनीमजी वर्षानुवर्षं पॉप वापरतात.

आयमॅप. मेल सर्व्हरवर राहतो आणि मोबाईल, दुकानातला संगणक, घरचा लॅपटॉप सगळीकडे सारखाच दिसतो. पॉपमध्ये मेल यंत्रावर उतरतो. आउटलुकमध्ये पॉप खातं जोडलं की सर्व्हरवरची प्रत १४ दिवसांनी काढून टाकायची सेटिंग साधारणपणे आधीच लावलेली असते. म्हणजे पंधरवड्यानंतर तो मेल फक्त त्या एका संगणकाच्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवायची फाइल) उरतो. हार्ड डिस्क गेली की व्यवहाराचा सगळा पत्रव्यवहार गेला.

मुनीमजींचं पॉप लगेच तोडू नका. आधी पीएसटीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग त्याच संगणकावर आयमॅप खातं वेगळं जोडा आणि जुने मेल वर्षावर्षाने त्यात ओढून टाका. सगळं वर चढल्याची वेबमेलमधून खात्री झाली की पॉप काढा. सर्व्हरवरचा कोटा (जागेची मर्यादा) किती आहे ते मात्र आधी बघून घ्या. पॉप ठेवणं भागच असेल तर पोर्ट ९९५, आणि प्रत सर्व्हरवर कायम ठेवायची खूण.

३. ४६५, ५८७ आणि २५ यांत फरक काय? पूर्वी २५ चालायचं, आता का चालत नाही?

२५ हे एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल देण्याचं पोर्ट आहे. व्हायरस लागलेले संगणक त्यावरून स्पॅम ओततात, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या ते ग्राहकांसाठी बंद ठेवतात. तुमच्या आउटलुकचं तिथे काही काम नाही.

५८७ वर जोडणी आधी साधी सुरू होते आणि मग दोन्ही बाजू बोलून ती कूटबद्ध करतात. ४६५ वर पहिल्या क्षणापासून कूटबद्ध असते. ४६५ ला जुनं, रद्द झालेलं पोर्ट म्हणणारे लेख अजून सापडतात, पण जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने ते पुन्हा मान्य केलं आणि पहिल्या क्षणापासून कूटबद्ध असलेल्या जोडणीलाच पसंती दिली. आम्हीही तेच आधी सुचवतो. ५८७ वापरत असाल आणि ॲपमध्ये 'शक्य असल्यास स्टार्टटीएलएस' असा पर्याय दिसला तर तो घेऊ नका. मध्ये बसलेला माणूस 'शक्य नाही' असं खोटं उत्तर देऊ शकतो आणि ॲप निमूटपणे उघड्यावर बोलू लागतं.

४. मेल येस, पण जात नही. काय करनं पडी?

येणं आणि जाणं यांची सेटिंग वेगवेगळी असतात, म्हणून एक बंद आणि एक चालू असं होऊ शकतं. या क्रमाने बघा.

पाठवणाऱ्या सर्व्हरचं लॉगिन चालू आहे का, हे आधी. बहुतेक वेळा चूक इथेच असते. मग पोर्ट २५ तर नाही ना, ते (प्रश्न ३). मग पाठवणाऱ्याचा पत्ता: लॉगिन विक्री विभागाच्या खात्याने आणि 'फ्रॉम'मध्ये मालकांचा पत्ता असेल, तर नीट लावलेला सर्व्हर तो मेल घेत नाही, आणि घेऊही नये. त्या पत्त्यावरून पाठवायची खरोखर गरज असेल तर तशी परवानगी सर्व्हरवर द्यावी लागते.

हे सगळं ठीक असूनही मेल जात नसेल, तर पासवर्ड फुटून तुमच्या खात्यातून कुणी स्पॅम पाठवत असल्यामुळे सर्व्हरने पाठवणी रोखली असू शकते. तेव्हा प्रश्न १८ लगेच वाचा.

५. 'सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही' असा इशारा येतो. पुढे जा दाबू का?

नाही. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरच्या ओळखीचा डिजिटल दाखला. 'पुढे जा' दाबायची सवय लागली की खरा धोका येईल त्या दिवशीही बोट तिथेच जाईल.

इशाऱ्यात कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. नाव जुळत नाही असं असेल, तर तुम्ही सर्व्हरच्या जागी नुसतं डोमेन भरलं असेल आणि सर्टिफिकेट 'मेल.' ने सुरू होणाऱ्या नावाचं असेल. नाव दुरुस्त करा. सामायिक होस्टिंगवर सर्टिफिकेट होस्टिंग कंपनीच्या नावाने असतं; तिथे त्यांनी दिलेलंच सर्व्हरचं नाव भरावं.

मुदत संपली असं असेल तर आधी संगणकाची तारीख बघा. बत्ती गेली-आली आणि मदरबोर्डवरचा सेल संपलेला असला की जुन्या संगणकाची तारीख अनेक वर्षं मागे जाते आणि चांगलं सर्टिफिकेटही त्याला अवैध वाटतं. बटणासारखा सेल बदलला की काम होतं. तारीख बरोबर असेल तर चूक सर्व्हरची. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं, पण डव्हकॉट आणि पोस्टफिक्सला नव्याने वाचायला सांगितलं नाही तर ते जुनंच दाखवत राहतात. वेबसाइट ठीक आणि मेलवर इशारा, असं दिसलं तर प्रशासकाला नेमकं हे सांगा.

अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनची गोष्ट वेगळी. लेट्स एन्क्रिप्टचं आताचं मूळ सर्टिफिकेट त्यांना ओळखीचं नाही आणि त्यांना चालणाऱ्या जुन्या सर्टिफिकेट-साखळीचा आधार सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. त्या फोनवर कामाचा मेल ठेवू नये.

यातलं काहीच नसेल आणि इशारा फक्त हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर येत असेल, तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर जा.

६. पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा पुन्हा विचारतं.

आधी वेबमेलमध्ये तोच पासवर्ड हाताने टाकून बघा. तिथेही चालला नाही तर पासवर्डच चुकतोय. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, किंवा व्हॉट्सॲपवरून उचलताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून आलेली असते.

वेबमेलमध्ये चालतो आणि ॲपमध्ये नाही, असं असेल तर मेल कुणाकडे आहे ते महत्त्वाचं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेवर आयमॅप आणि पॉपचं नुसत्या पासवर्डचं लॉगिन बंद करत आणलं. तिथे ओऑथ लागतं, म्हणजे ॲपने मायक्रोसॉफ्टचं पान उघडून लॉगिन करून घ्यायला हवं. ते न जमणारं जुनं आउटलुक कितीही पासवर्ड टाकला तरी ऐकणार नाही. गूगलकडे ओऑथ किंवा ॲप पासवर्ड (प्रश्न ७). स्वतःचा सर्व्हर असेल तर तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अडवला गेला नाही ना ते पाहा (प्रश्न १३).

७. ॲप पासवर्ड म्हणजे काय? वेगळा कशाला?

तो एका यंत्रापुरता दिलेला पासवर्ड. तुमचा मुख्य पासवर्ड फक्त वेबमेलसाठी, तोही डोक्यात किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये. मोबाईलला एक, दुकानाच्या संगणकाला दुसरा, लॅपटॉपला तिसरा. मोबाईल चोरीला गेला तर त्याचा एकच पासवर्ड रद्द करायचा. बाकीची यंत्रं चालू राहतात. लॉगमध्येही (सर्व्हरच्या नोंदवहीत) कुठल्या यंत्राच्या पासवर्डने लॉगिन झालं ते कळतं.

गूगल १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड स्वतः तयार करून देतं, पण त्याआधी दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत ओटीपीसारखा दुसरा पुरावा) चालू असावी लागते. स्वतःच्या सर्व्हरवर मेलकाऊसारख्या तयार मेल-सर्व्हर पॅकेजमध्ये ही सोय तयार मिळते. नुसत्या डव्हकॉटवर ती प्रशासकाला बसवावी लागते. बसवून घ्या. थोडं काम वाढतं, पण या पानावरचा एकच सल्ला पाळायचा ठरवलात तर हाच पाळा.

८. दुहेरी पडताळणी लावली. आता तर सुरक्षित ना?

वेबमेल सुरक्षित झाला. आयमॅपचा दरवाजा तपासा. मोबाईलचं मेल ॲप दर काही मिनिटांनी सर्व्हरशी बोलतं, त्याला दर वेळी ओटीपी कोण देणार? म्हणून अनेक सर्व्हरवर दुहेरी पडताळणी फक्त वेबमेलला लागते आणि आयमॅप, पॉप व एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) मुख्य पासवर्डवर जसेच्या तसे उघडे राहतात. पासवर्ड चोरणारा वेबमेलकडे फिरकतही नाही, सरळ आयमॅपने येतो.

म्हणून दुहेरी पडताळणीसोबत दोन गोष्टी हव्यातच. मुख्य पासवर्डने आयमॅप आणि एसएमटीपी चालणार नाही अशी सर्व्हरची सेटिंग, आणि कुणीच वापरत नसेल तर पॉप पूर्ण बंद. कोड एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या, कारण तुमच्या नावाचं दुसरं सिम काढून एसएमएस पळवता येतात. सुरुवातीला मिळणारे राखीव कोड कागदावर छापून तिजोरीत ठेवा. फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेणारं असू द्या. ते पुढेमागे झालं की ॲपचे कोड चुकतात.

९. ऑफिसात सगळे एकच 'इन्फो' खातं वापरतात. सहा जणांना पासवर्ड माहीत आहे. अडचण काय?

अडचण अशी की काही झालं तर कुणी केलं, कुठून झालं, हे कधीच कळत नाही. रावेरच्या गाडीचा दर कुणी पाठवला, सुरतच्या व्यापाऱ्याचा मेल कुणी पुसला, याला उत्तर नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणी नोकरी सोडली तरी पासवर्ड बदलत नाही, कारण बदलला तर उरलेल्या पाच जणांचं काम अडतं. मग तो दोन-तीन वर्षं तसाच राहतो. तोवर गाव बदललेल्या माणसाच्या जुन्या फोनवर तुमची रोजची भावपत्रकं उतरत असतात.

'इन्फो' पत्ता मोडायची गरज नाही. त्याचं लॉगिन मोडायचं. 'इन्फो' ही सामायिक पेटी करा, जिला स्वतःचा पासवर्ड नाही. प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं खातं आणि त्यातून 'इन्फो'ची पेटी दिसण्याची परवानगी. डव्हकॉटमध्ये हे सामायिक फोल्डर आणि एसीएलने (परवानग्यांच्या यादीने) होतं, मायक्रोसॉफ्टकडे शेअर्ड मेलबॉक्स तयारच असतो. हिशेबनीसाला वाचायची परवानगी आणि विक्रीवाल्याला उत्तर द्यायचीही, असा फरक करता येतो. माणूस गेला की त्याचं एक खातं बंद.

अगदी छोट्या दुकानासाठी याहून सोपा मार्गही आहे. 'इन्फो'ला नुसता फाटा करा, म्हणजे त्यावर आलेला मेल दोन-तीन जणांच्या खात्यात पोचतो. कुणी उत्तर दिलं ते मात्र इतरांना आपोआप दिसत नाही, म्हणून चार-पाच माणसांच्या वर सामायिक पेटीच बरी.

'आमची घरचीच माणसं आहेत' हे उत्तर नेहमी येतं. माणसांवर अविश्वास दाखवायचा हा विषय नाही. वेगळं खातं असलं की उद्या काही बिघडल्यावर घरच्याच माणसावर खोटा आळ येत नाही.

१०. पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावावा का?

नको. सक्तीने बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा फक्त वाढवतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीची सक्ती नको, लांबी महत्त्वाची, असं सांगितलं. फुटल्याची शंका आली की मात्र त्याच क्षणी बदला.

आपल्याकडे पासवर्डमध्ये काय असतं ते ओळखणं फार सोपं आहे: गावाचं नाव, पिन कोड ४२५००१ किंवा ४२४००१, गाडीचं एमएच-१९ किंवा एमएच-१८, फर्मचं नाव आणि पुढे १२३. अंदाज लावणारे प्रोग्राम हे सगळं आधीच करून बघतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, किंवा पासवर्ड मॅनेजरला बनवू द्या. जीएसटी पोर्टलचा किंवा फेसबुकचा पासवर्ड इथे वापरू नका.

११. माणूस नोकरी सोडून गेला किंवा मोबाईल हरवला. आधी काय करायचं?

त्या यंत्राचा ॲप पासवर्ड रद्द करा. ॲप पासवर्ड नसतील तर मुख्य पासवर्ड बदला. मग चालू असलेली जोडणी तोडा. हा टप्पा बरेच जण गाळतात. पासवर्ड बदलला तरी आधीच उघडी असलेली आयमॅप जोडणी लगेच बंद पडत नाही; डव्हकॉटवर प्रशासकाने डव्हॲडम किक ही आज्ञा द्यावी लागते. वेबमेलची सत्रंही संपवा.

त्यानंतर खात्यातले नियम उघडून बघा. 'सगळे मेल या बाहेरच्या पत्त्यावर पाठवा' असा नियम असेल तर पासवर्ड बदलूनही मेल बाहेर जातच राहतो. पासवर्ड विसरल्यावर वापरायचा फोन नंबर आणि दुसरा पत्ता कुणाचा आहे, तेही तपासा. बऱ्याच फर्मच्या खात्यांवर तो जुन्या कामगाराचाच असतो.

खातं लगेच पुसू नका. ग्राहक त्या पत्त्यावर काही महिने लिहीत राहतात. लॉगिन बंद करा आणि येणारा मेल दुसऱ्याकडे वळवा.

१२. सेटिंग करायला दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला पासवर्ड द्यायचा का?

सर्व्हरचं नाव, पोर्ट, सुरक्षेचा प्रकार त्याला भरू द्या. पासवर्डच्या रकान्यापाशी आला की तुम्ही स्वतः टाका. फोनवर सांगू नका, व्हॉट्सॲपवर पाठवू नका. काम ॲनीडेस्कसारख्या साधनाने दुरून केलं असेल तर झाल्यावर ते काढून टाका, निदान त्यातला कायमच्या प्रवेशाचा पासवर्ड तरी. तसा प्रवेश उघडा राहिला तर मेलला कितीही कुलपं लावून उपयोग नाही, कारण संगणकच दुसऱ्याच्या हातात असतो.

१३. अचानक पूर्ण ऑफिसचा मेल बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. मोबाईल डेटावर मात्र चालू असतो.

हा प्रश्न पासवर्ड बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास येतो. सर्व्हर बिघडलेला नसतो.

फेल-टू-बॅन नावाचा पहारेकरी लॉग बघत बसलेला असतो. एका आयपीवरून थोड्या वेळात अनेकदा चुकीचा पासवर्ड आला की तो आयपीच काही काळ अडवतो. मूळ सेटिंग १० मिनिटांत ५ चुका आणि १० मिनिटांची बंदी अशी असते. ऑफिसच्या वायफायवरचे सगळे संगणक आणि फोन बाहेरून एकाच आयपीचे दिसतात. कुणाच्या तरी कपाटातल्या जुन्या टॅबलेटमध्ये, नाहीतर गोडाऊनमधल्या संगणकात जुना पासवर्ड राहिलेला असतो. तो सारखा दार ठोठावतो आणि त्याच्यामुळे सगळं ऑफिस बाहेर राहतं.

प्रशासकाकडून लॉग मागवा. कोणत्या खात्याच्या नावाने चुका होतायत ते त्यात स्पष्ट असतं. त्या माणसाची सगळी यंत्रं शोधा आणि तिथला पासवर्ड बदला किंवा खातं काढा. ऑफिसचा आयपी बंदीतून कायमचा वगळा, असा आग्रह धरला जातो. तसं केलं तर ऑफिसातल्याच एखाद्या संगणकाला लागण झाली की त्याला कुणी अडवणार नाही. ऑफिसचा आयपी स्थिर असेल तर त्याच्यासाठी चुकांची मर्यादा थोडी वाढवणं पुरतं.

मोबाईल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच आयपीमागे बसवतात. त्यामुळे कधी कधी मोबाईल डेटावरही अनोळखी माणसाच्या चुकीने तुम्ही अडकता. विमान मोड लावून काढला की बहुधा वेगळा आयपी मिळतो. ॲप पासवर्ड असले तर हा सगळा प्रकारच कमी होतो, कारण मुख्य पासवर्ड बदलला तरी यंत्रांना काही कळत नाही.

१४. धडगाव-अक्कलकुव्याकडे साइटवर रेंज कमी असते. मेल सारखा टाइमआउट होतो. सुरक्षा काढली तर हलका होईल का?

होणार नाही. टीएलएसचा भार अगदी थोडा असतो. जड असतात ते जोडलेले फोटो आणि पीडीएफ. ॲपमध्ये फक्त गेल्या आठवड्याचे मेल उतरवा, जोडलेल्या फाइल हाताने मागितल्याशिवाय उतरवू नका, आणि सतत नजर ठेवण्याऐवजी अर्ध्या तासाने तपासायला सांगा. रेंज तुटत असताना सतत उघडी ठेवलेली जोडणी वारंवार पडते आणि पुन्हा जोडताना बॅटरीही खाते. लिहिलेला मेल आउटबॉक्समध्ये राहतो आणि शहाद्याकडे उतरलं की निघून जातो.

१५. फक्त भारतातूनच लॉगिन होऊ दिलं तर चोर बाहेरच राहतील ना?

काही राहतील, म्हणून उपाय वाईट नाही. पण नवं आउटलुक आणि मोबाईलवरचं आउटलुक आयमॅप खात्याचा मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून आणतात. म्हणजे तुम्ही जळगावात बसला असलात तरी सर्व्हरला लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या आयपीवरून आलेलं दिसतं, आणि तो परदेशातला असू शकतो. देशाची अट लावल्यावर 'कालपर्यंत चालत होतं' अशी तक्रार आली तर आधी हेच तपासा. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: त्या ॲपमध्ये पासवर्ड टाकला की तो मायक्रोसॉफ्टकडे जातो. ते नको असेल तर थंडरबर्ड हे मेल ॲप वापरा.

केळी आखातात पाठवणारे तिकडे गेले की तेही अडकतात. त्यांच्यासाठी देशाची अट सैल करण्यापेक्षा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमधून जाणारी सुरक्षित जोडणी) द्या. आणि चोर भारतातला लागण झालेला संगणक वापरून येऊ शकतो, त्यामुळे फक्त या अटीवर विसंबू नका.

१६. गोडाऊनमध्ये विंडोज ७ आहे. सर्व्हर अपडेट झाल्यापासून आउटलुक जोडत नाही.

टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले. विंडोज ७ वरचं जुनं आउटलुक टीएलएस १.२ आपणहून वापरत नाही. त्यासाठी एक अपडेट आणि रजिस्ट्रीत बदल लागतो. एका संगणकासाठी सर्व्हरवर जुनं टीएलएस उघडायला सांगू नका, त्याने सगळ्यांचीच पातळी खाली येते. तात्पुरता मार्ग म्हणजे थंडरबर्डची विंडोज ७ वर चालणारी जुनी आवृत्ती (नवी त्यावर चालत नाही), कारण ते स्वतःचं टीएलएस सोबत आणतं. पण विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे. त्या संगणकावर बिलं आणि वजनं राहू द्या. मेल फोनवर बघा.

१७. स्कॅनर, सीसीटीव्ही आणि बिलिंग सॉफ्टवेअरला मेल पाठवायला पासवर्ड लागतो. मालकांचाच टाकू का?

कधीही नाही. अशा यंत्रांत पासवर्ड बहुधा साध्या मजकुरासारखा साठवलेला असतो आणि त्यांचं स्वतःचं लॉगिन फार कमी लोक बदलतात. त्यांच्यासाठी फक्त पाठवणारं खातं बनवा: आयमॅप बंद, दिवसाची मर्यादा ठरलेली, शक्य असेल तर फक्त ऑफिसच्या आयपीवरून. जुना स्कॅनर टीएलएस बोलतच नसेल तर ऑफिसातच एक छोटा रिले (मेल पुढे पोचवणारा सर्व्हर) बसवा. स्कॅनर त्याच्याशी आत बोलेल आणि बाहेरची जोडणी रिले कूटबद्ध करेल.

१८. 'आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे नव्या खात्यात टाका' असा मेल आमच्या नावाने ग्राहकाला गेला. आम्ही पाठवलेलाच नाही!

आधी फोन उचला, तपास नंतर. ग्राहकाला नेहमीच्या नंबरवर फोन करून पैसे थांबवा. गेले असतील तर ग्राहकाने लगेच त्याच्या बँकेला कळवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते, आणि ते निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत.

मेल पुसू नका आणि संगणक फॉरमॅट करू नका. ग्राहकाकडून तो मेल स्क्रीनशॉट म्हणून नको, मूळ फाइल म्हणून मागवा. हेडरमध्येच (मेलच्या प्रवासाच्या नोंदीत) उत्तर असतं, आणि ते तीनपैकी एक असतं.

पत्ता जवळजवळ तुमच्यासारखा पण एक अक्षर वेगळं: चोराने मिळतंजुळतं डोमेन घेतलंय. तुमच्या सर्व्हरचा यात दोष नाही. पण तुमच्या व्यवहाराची रक्कम आणि तारीख त्याला कशी कळली, हा प्रश्न उरतोच. कुणाचा तरी मेल वाचला जातोय, तुमचा किंवा ग्राहकाचा.

पत्ता तंतोतंत तुमचा, पण मेल दुसऱ्याच सर्व्हरवरून निघालेला: नुसती नक्कल. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरोखर तुमचाच आहे का ते तपासू देणाऱ्या डोमेनवरच्या तीन नोंदी) नीट लावलं तर हे थांबवता येतं. डीमार्क सुरुवातीला फक्त नजर ठेवण्याच्या पातळीवर लावतात, पण अनेक जण तिथेच थांबतात. अहवाल वाचून, आपले सगळे खरे पाठवणारे नोंदवले गेल्याची खात्री करून ते 'नाकारा' पातळीवर न्या, नाहीतर नक्कल पोचतच राहील. एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस शोध (डोमेनच्या नोंदी बघणं) होत असतील तर ते मोडतं. आणि कुणाच्या आउटलुकमध्ये पाठवणारा सर्व्हर दुसऱ्याच कंपनीचा भरलेला असेल तर त्याचे खरे मेलही नाकारले जातील, म्हणून प्रश्न १ ची सेटिंग सगळीकडे आधी सारखी करा.

मेल तुमच्याच सर्व्हरवरून, तुमच्याच लॉगिनने निघालेला: चोर आत आहे. बहुधा काही दिवसांपासून आहे. तो घाई करत नाही; वाचतो, मोठ्या बिलाची वाट बघतो आणि मधल्या काळात असा नियम घालून ठेवतो की ग्राहकाचं उत्तर इनबॉक्समध्ये न येता कचऱ्यात किंवा कुणी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये जावं. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. प्रश्न ११ मधले सगळे टप्पे करा, नियम एकेक वाचा, सिव्ह फिल्टर (सर्व्हरवर साठवलेले मेलचे नियम) आणि सर्व्हरवरचं फॉरवर्डिंग दोन्ही बघा, आणि चोराच्या आयपीवरून आणखी कोणत्या खात्यात लॉगिन झालं ते लॉगमध्ये शोधा. एका खात्यात शिरलेला चोर आतून सहकाऱ्यांना लिंक पाठवतो, आणि आपल्याच माणसाची लिंक म्हणून ती उघडली जाते.

जळगावच्या सराफ बाजारात असो की नंदुरबारच्या मिरची बाजारात, मोठा व्यवहार अजूनही बोलून पक्का होतो. तीच पद्धत इथे लावा. बँक खातं बदलल्याचा कोणताही मेल, कुणाचाही असो, जुन्या नंबरवर फोन करून खात्री झाल्याशिवाय मानायचा नाही, आणि हे आपल्या बिलावर छापायचं.

१९. लॉग किती दिवस ठेवायचे?

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत १८० दिवस सांगितले आहेत. अनेक सर्व्हरवर मूळ सेटिंगमध्ये काही आठवड्यांचेच लॉग राहतात, तेव्हा मुद्दाम वाढवून घ्या आणि रोज दुसऱ्या यंत्रावर प्रत जाऊ द्या, कारण आत शिरलेला चोर सर्व्हरवरचे लॉग पुसू शकतो. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीने) जुळलेलं हवं; वेळ चुकीची असेल तर बँकेच्या नोंदीशी मेळ बसत नाही.

२०. .भारत डोमेनवर पूर्ण मराठी ईमेल पत्ता घेतला. काही ठिकाणाहून मेल येतो, काही ठिकाणाहून नाही. मेल ॲपमध्ये काय बदलायचं?

तुमच्या मेल ॲपमध्ये बहुधा काहीच चुकलेलं नसतं. '@'च्या आधीचा भाग देवनागरीत असेल तर पाठवणाऱ्याचं ॲप, त्याचा सर्व्हर, मधला प्रत्येक सर्व्हर आणि तुमचा सर्व्हर या सगळ्यांना एसएमटीपीयूटीएफ८ (असे पत्ते हाताळायची सोय) यायला हवं. एकालाही येत नसेल तर मेल परत जातो. पोस्टफिक्सला ते ३.० आवृत्तीपासून येतं, पण चालू आहे का ते तपासा. जीमेलवरून अशा पत्त्यावर मेल पाठवता येतो, काही जुन्या सरकारी आणि बँकांच्या फॉर्ममध्ये मात्र पत्ता टाइपच होत नाही.

मराठी पत्ता जरूर ठेवा, आणि त्याच पेटीला इंग्रजी अक्षरांचा दुसरा पत्ता जोडा. लॉगिनचं नाव इंग्रजी पत्त्याचंच असू द्या, कारण अनेक मेल ॲप देवनागरी युजरनेम पाठवताना अडखळतात. जीएसटी, बँक आणि बंदराच्या कागदांवरही इंग्रजीच द्या. बिलाच्या मथळ्यावर, दुकानाच्या पाटीवर आणि शेतकऱ्यांना द्यायच्या पावतीवर मराठी पत्ता छापा.